पूजेतला कॉम्प्युटर आणि अण्णांचा आवाज

सुरुवातीलाच सांगतो — भुतंखेतं, दृष्टांत, संकेत असल्या भानगडींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सातपूरच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो. आपोआप काहीही होत नसतं, कुणीतरी काहीतरी दाबलेलं असतं, ही माझी पक्की समजूत. इथले इतरांचे अनुभव वाचतानाही मी मनात त्यांची कारणं शोधत असतो... आता माझा वाचा, आणि शोधा कारण.

२००६ चा दसरा. नाशिकला पंचवटीत, मखमलाबाद नाक्याजवळ आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात तिघंच — मी, बायको सीमा आणि माझे वडील, अण्णा.

अण्णा मूळचे दिंडोरीकडचे. सगळी हयात मार्केट यार्डात एका आडत्याकडे भाजीपाल्याचे लिलाव पुकारण्यात गेली. टोमॅटोचे क्रेट लागले की त्यांचा आवाज पार गेटापर्यंत जायचा. मग घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून तोंडातून एक शब्द नाही. गळ्यावर पांढरा रुमाल आणि हातात शाळेतल्या पोरांची असते तसली पाटी. जे सांगायचं ते पाटीवर.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांना चॅटिंगच्या हेडफोनचा माइक लावून कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं. चांगले तासभर बोलले. लिलाव पुकारला, आईच्या आठवणी काढल्या, जाताजाता मला दोन शिव्याही घातल्या. त्यांचा आवाज आता फक्त त्या हार्ड डिस्कवर होता. सीडीवर घ्यायचं आज करू उद्या करू म्हणत राहून गेलं होतं, कारण आमचा बंदोबस्त चोख होता ना!

बंदोबस्त कशाचा, तर मेसेंजरवरच्या व्हायरसचा. ब्रॉडबँड नवीन आलेलं, घरोघरी मेसेंजरवर गप्पा. ओळखीच्याच माणसाच्या नावाने मेसेज यायचा, ‘हा फोटो बघ’, आणि खाली लिंक. ती दाबली की खेळ खलास. पुढे तुमच्या नावाने तोच मेसेज तुमच्या सगळ्या मित्रांना! मी अख्ख्या कॉलनीला बजावून ठेवलं होतं — मेसेज सख्ख्या भावाचा असला तरी आधी त्याला फोन करा, बाबा रे, तूच पाठवलंस का? आलेली फाइल तपासल्याशिवाय उघडू नका. अँटिव्हायरस रोज अपडेट करा. कॉलनीतले निम्मे कॉम्प्युटर मीच साफ केलेले, वर लेक्चर फुकट.

आमच्याकडे दसऱ्याला ज्याच्यावर पोट चालतं, ज्याच्यावाचून अडतं, ते पूजेत मांडायचं. आणि एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अण्णांनी सकाळी स्वतः कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मग शेजारी आपली पाटीही ठेवली.

“अण्णा, पाटी राहू द्या ना तुमच्याजवळ. काही लागलं तर सांगणार कसं?” सीमा म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

संध्याकाळी सोनं वाटून आम्ही घरी आलो. सीमाचा धाकटा भाऊ प्रशांत तेव्हा अमेरिकेत होता. तिकडच्या पूजेचा फोटो तो मेसेंजरवर पाठवणार असं ठरलेलं. माझे हात शिवशिवत होते. अण्णा गॅलरीत माझ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसलेले, सीमा स्वयंपाकघरात. मी हळूच माळ बाजूला सारली आणि कॉम्प्युटर सुरू केला. पूजा काय, देवाला थोडंच कळतंय!

प्रशांतचा मेसेज आलेलाच होता. फोटो बघा म्हणून इंग्रजीत एक ओळ, खाली लिंक. फोटो येणार हे ठाऊकच होतं, मग फोन करून विचारायचं कशाला? मी माउसवर बोट ठेवलं...

“दिल्या, हात काढ! पूजेतलं हाय ते!”

अण्णांचा आवाज. यार्डातला, खणखणीत. तापलेल्या तव्याला लागावा तसा माझा हात मागे आला. लिलावाआधी व्यापारी क्रेटात हात घालून माल चिवडायला लागले की अण्णा असेच ओरडायचे.

सीमा बेसनाच्या हातानेच धावत बाहेर आली. “अहो, अण्णा बोलले?”

अण्णा खुर्चीत वळून आमच्याकडेच बघत होते, गळ्यावरचा रुमाल हाताने घट्ट दाबून. त्यांनीही ऐकलं होतं, चेहराच सांगत होता. ते घाबरले होते. मीही घाबरलो, खोटं कशाला बोलू?

पण डोकं कॉम्प्युटरवाल्याचं. रेकॉर्डिंग चुकून सुरू झालं असेल म्हणून मी स्पीकर बघितले. बंद! पूजेच्या लाइटच्या माळेसाठी सीमाने त्यांचा प्लग सकाळीच काढून ठेवला होता. हेडफोन कपाटात.

“काही दाबू नका. आधी प्रशांतला फोन लावा,” सीमा म्हणाली.

त्याने उचलल्या उचलल्या सुरुवात केली, “दाजी, माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका! मी काहीच पाठवलेलं नाहीये. सगळ्यांना आपलं आपण जातंय... माझी गाणी, पोरीचे बोबडे बोल रेकॉर्ड केलेले, सगळ्याची वाट लागली. एक फाइल वाजत नाही.”

मी कॉम्प्युटर बंद केला आणि तिथेच फरशीवर बसलो. एक क्लिक... आणि अण्णांचा आवाज कायमचा गेला असता. मला रडू आवरेना.

मी पूजेतली पाटी उचलून अण्णांपुढे धरली. “अण्णा, काय झालं ते लिहा ना.” त्यांनी पाटीला हात जोडले आणि मला ती परत जागेवर ठेवायला लावली. ती रात्र मी आणि सीमाने कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत.

सकाळी पूजा उचलली. अण्णांनी पाटीवरचं कुंकू पुसलं आणि लिहिलं, ‘मशीनची घरघर ऐकली. राग आला. मनात म्हणलो.’

“पण अण्णा, आम्हाला ऐकू आलं!”

त्यांनी पाटी पुसली, परत लिहिलं. ‘मी रोजच बोलतो. तुम्हाला कालच ऐकू गेलं.’

त्याच दिवशी मी सीडी करून घेतल्या. सगळं रेकॉर्डिंग कान देऊन ऐकलं, त्यात ते वाक्य कुठेही नाही. एक डॉक्टर मित्र म्हणतो, भास. एकाच वेळी तिघांना, तोही शब्दन्‌शब्द सारखा?

अण्णा त्यानंतर चार वर्षं होते. रोज संध्याकाळी मी टीव्ही बंद करून त्यांच्याजवळ गॅलरीत बसायचो, कान लावून. पुन्हा कधीच ऐकू आलं नाही.