ढावल्याला वन्स मोअर

"कलाकारांनी मागच्या दारानं जायचं."

दारावरच्या माणसानं आमच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. छातीवर रिबिनीचं फूल लावून उभा होता. त्याला दिसला तो फक्त बाईचा फेटिया, म्हणजे आमचा आरशांनी मढवलेला घेरदार घागरा, आणि अंगातली कांचळी, म्हणजे चोळी. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आम्हा बंजाऱ्यांत बहिणीला बाई म्हणतात. तिनं पास पुढे केले. दुसऱ्या रांगेचे.

"आमी नाटक पाहाले आलो जी," ती म्हणाली.

"हे पास कोणाचे उचलले?"

उचलले. आमच्या लोकांसाठी हा शब्द सगळ्यांच्या जिभेवर तयारच असतो. मागच्या बायका पदर सावरून जरा दूर सरकल्या. एकीनं पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. शेवटी आतून कोणीतरी म्हणालं, "बसवा कुठंतरी मागं." शेवटच्या रांगेमागे आमच्यासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. दुसऱ्या रांगेत आमच्या जागेवर कोणाच्या तरी पिशव्या बसलेल्या मला तिथून दिसत होत्या.

बाई लग्नाला जावं तशी नटून आली होती, कारण तिला वाटलं आपण पाहुणे आहोत. यवतमाळला नाटकाला बोलावलंय म्हणून सकाळपासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. मी पंजाबी ड्रेस घातला होता. दारव्ह्याला कॉलेजात जाते, लोक कसे बघतात ते मला ठाऊक आहे. तिला सांगितलं होतं. ऐकलं नाही.

उन्हाळ्यात नाटकवाले एक सर आणि एक मॅडम आमच्या तांड्यावर आले होते. बंजाऱ्यांवर संगीत नाटक करणार म्हणे. त्यांना ढावलो ऐकायचा होता. नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत म्हणते तो ढावलो. तो असा बसल्या बसल्या कोणी म्हणत नाही. दारातून निघालेली पोरगी असावी लागते. पण मॅडम बाईजवळ भुईवर बसल्या, तिच्या हातचा चहा प्यायल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. नवऱ्यानं टाकल्यापासून बाई माहेरीच असते. एवढ्या मायेनं तिला कोणी विचारलं नव्हतं. ती विरघळली. तिनं स्वतःच्या लग्नातला ढावलो म्हटला.

आमची याडी, आमची आई, बाईच्या लग्नाआधीच गेली. निघताना सगळ्यांचे गळे होते, आईचा नव्हता. तेव्हा बाईनं खुंटीवरचा याडीचा फेटिया काढला, त्याला मिठी मारली आणि त्याच्याशी बोलली. काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही.

मॅडमनी ते मोबाइलमध्ये भरून घेतलं. सर म्हणाले, "हा फेटिया नमुना म्हणून द्या. तसाच शिवून घेतो. नाटकाला याल तेव्हा परत." बाईनं दिला. माझं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं होतं. मलाही त्याच फेटियाला मिठी मारून निघायचं होतं. दुसरी आई कुठून आणू? नाटकाच्या त्या संध्याकाळी आम्ही खरं तर तोच न्यायला गेलो होतो.

पहिला अंक बरा होता. पेटी गोड, गळे गोड. मी पण टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या अंकात तांड्यावरची नायिका सासरी निघाली. खुंटीवर फेटिया टांगलेला. तो नवा शिवलेला नव्हता. कमरेजवळ निळ्या दोऱ्याचं ठिगळ होतं, याडीनं घातलेलं. बाईनं माझं मनगट घट्ट धरलं.

नायिका बाईचे शब्द गायला लागली. सगळे शब्द. ठेक्यावर, कंबर हलवत. मग विनोदी नोकराचं काम करणारा नट आला. त्यानं फेटिया खुंटीवरून ओढला, धोतरावरच नेसला आणि "याडी गं, याडी" असा गळा काढून गरागरा फिरला.

लोक खुर्चीतून पडायचे बाकी होते. टाळ्या, शिट्ट्या. आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, "वन्स मोअर!"

मग सगळ्या हॉलनं उचलून धरलं. वन्स मोअर. वन्स मोअर.

ढावलो दोनदा नसतो. पोरगी एकदाच निघते. निघालेल्या नवरीला थांबवून पुन्हा रड म्हणणारा माणूस आमच्या तांड्यानं अजून पाहिला नाही. बाईनं माझा हात ओढला. "थांबव त्याईले. छोरी, थांबव ना त्याईले." तबला पुन्हा सुरू झाला. त्या नटानं घेर गुडघ्यापर्यंत उचलून धरला. परत हशा.

मी उठले. मधल्या वाटेनं चालत गेले, पायऱ्या चढले, त्याच्यासमोर उभी राहिले.

"माह्या याडीचा हाये तो. काढ."

लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. मला टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या त्या अशा. मी घेर धरून ओढला. टर्र आवाज झाला, फेटिया माझ्या हातात आला. तेव्हा कुठे पेटी थांबली आणि पडदा पडला.

"अगं, कला आहे ही," सर म्हणाले. "तुमच्याच समाजाचं नाव होतंय." मॅडम फाटलेल्या फेटियाकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "आधी दागिने बघा रे सगळे जागेवर आहेत का."

"पोलिसाले बोलवा," मी म्हणाले. "मीच सांगते चोरी कोणं केली."

कोणी बोलावलं नाही. मागच्या दाराकडे बोट दाखवलं. मी फेटिया छातीशी धरून खाली उतरले, बाईचा हात धरला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.

एसटीत बाई एवढंच बोलली, "माह्या रडण्यावर हासले ते."

तेव्हापासून ती गात नाही. कापूस वेचताना तिचा आवाज तिसऱ्या शेतात ऐकू यायचा. आता नाही. आई नसली की ढावलो शिकवायचं काम मोठ्या बहिणीचं. मी रोज तिच्याजवळ जाऊन बसते. ती तोंड उघडते आणि थांबते. "मले त्याईचं हासनंच आयकू येते," म्हणते. फेटिया धुऊन धुऊन पाहिला, कमरेवरचे त्या नटाच्या मेकअपचे डाग निघाले नाहीत. याडीचा वास मात्र निघून गेला. लग्न तोंडावर आलंय आणि मला ढावलो येत नाही. मुकी निघणार मी बहुतेक. कोणाला सांगू?

परवा दिग्रसला भिंतीवर त्याच नाटकाचं पोस्टर दिसलं. रसिकांच्या आग्रहास्तव, असं वर लिहिलंय. मी मॅडमना फोन केला, ते गाणं काढा म्हटलं. "लोकांना तेच तर आवडतं गं," त्या म्हणाल्या.

बरं.

तांड्यातल्या घराघरात जाऊन मी बायांशी बोलले. आम्ही दिग्रसला जाणार. फेटिया-कांचळी घालून, मी पण. तिकीट काढून, पुढच्या दारानं. बाई येईल की नाही ठाऊक नाही. विचारलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ती नाही आली तरी मी जाणार. ते गाणं सुरू झालं की आम्ही सगळ्या उठून उभ्या राहू. गाणार नाही. रडणार तर मुळीच नाही. गाणं थांबेपर्यंत बसणार नाही.

आणि कोणी वन्स मोअर म्हटलंच, तर पुन्हा उठू.