तंबू मी लावला होता

आमच्या राहू गावाहून निघालो तेव्हा एसटीत शेजारच्या सीटवर तंबूची पिशवी ठेवली. मागच्या हिवाळ्यात तिथं माझा बालमित्र सोपान बसला होता. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण गावाला ठाऊक आहे, पण ते उलटं ठाऊक आहे.

स्वारगेटहून दापोलीची गाडी धरली. घाट उतरताना कान बंद झाले. पुढे रिक्षा केली. एका वळणावर नारळांच्या शेंड्यांमधून समुद्र दिसला आणि ‘बघ रं’ म्हणायला मी वळलो. शेजारी पिशवी.

शनिवार होता. गाड्या पार वाळूत शिरल्या होत्या. सुरूच्या झाडांखाली (उंच झाडं, सुईसारखी पानं) सावली चांगली, पण ‘तंबू लावण्यास मनाई’ अशी पाटी. पुढे एका रिसॉर्टची दोरी आडवी. वॉचमन म्हणाला, “अंकल, प्रायव्हेट है, आगे जाओ.” पुढे गेलो तर पोरांनी एवढा मोठा स्पीकर लावलेला, की लाटांचा आवाजच येईना.

चालत चालत खाडीच्या तोंडाशी आलो. हीच ती जागा. इथं वाळूवर काटक्या-शेवाळाची लांब रेघ असते. आमच्या नदीकाठी अशी रेघ दिसली की समजायचं, पावसाळ्यात पूर इथवर आला होता. आता वर्षभर काळजी नाही. मी तेच समजलो. सोपान म्हणत होता, “वर झाडात लाव, वाळू ओली लागती.” मी म्हणालो, “नदीकाठी जन्म गेला माझा, मला शिकवतो व्हय?” आणि रेघेच्या खाली तंबू लावला. ती रेघ सकाळच्या भरतीची होती. मासे खाऊन परतलो तर तंबू पाण्यावर. तंबू सापडला, पण आत ठेवलेल्या सोपानच्या वाहाणा गेल्या.

तो अनवाणी गावात उतरला. हॉटेलवर कोणीतरी त्याला विचारलं, “आप्पा, वाहाणा कुठं?” त्याने तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं, की आप्पांनी समुद्रात तंबू ठोकला. हॉटेल हसलं. मला खोटं न पाडता सोपान तसाच अनवाणी घराकडे गेला. त्याचं नाव पडलं भरतीआप्पा. त्याने हॉटेलवर येणं सोडलं.

मी रेघेपाशी उभा होतो. झावळ्या गोळा करणाऱ्या एक बाई ओरडल्या, “आजोबा, तिथे नको हो! आज उधाण आहे (अमावास्येची मोठी भरती). आमच्या वाडीत लावा. एकटेच आलात?”

“जोडीदार रुसलाय.”

“मग फोन करा की. विहिरीपाशी रेंज येते.”

तंबू उभा केला आणि विहिरीपाशी गेलो.

“सोपान, मी समुद्रावर हाय.”

“मग?”

“तंबू मी लावला व्हता. चुकलं माझं.”

“मला काय सांगतोस लेका? मी व्हतो की तितं. गावाला सांग.” फोन बंद झाला.

बाईंनी भात आणि कोळंबीचं कालवण दिलं. पाणी रेघ ओलांडून वर आलं. दोघांच्या तंबूत मी एका कडेलाच झोपलो.

गावी परतल्यावर थेट हॉटेलवर गेलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं. मग एकजण म्हणाला, “आबा, दोस्तासाठी सोत्तावर घेताय व्हय? लई मोठं मन तुमचं.” दुसऱ्याने माझ्यासाठी स्पेशल चहा सांगितला. मी चिडून ओरडलो, तसे ते जास्तच हसले.

खोटं मी इतकं रंगवून सांगितलं होतं, की खरं आता कोणाला पटत नाही. म्हणून हे छापायला दिलं. भरतीआप्पा म्हणायचंच असेल तर मला म्हणा.

सोपानच्या घरावरून मी रोज जातो. तो ओट्यावर बसलेला असतो. माझी चाल तिथं मंदावते. त्याने अजून हाक मारलेली नाही, आणि ‘हाक मार’ म्हणायला मला तोंड नाही.