मुखावस्था शिकवताना

नंदुरबार जवळ आलं, की बसच्या खिडकीतून आधी ठसका येतो. मग पथाऱ्या दिसतात, मैदानभर वाळत घातलेल्या लालभडक मिरच्या आणि तोंडाला ओढणी बांधून त्यांत वाकलेल्या बायका. परगावचे प्रवासी खोकत खोकत कौतुकाने फोटो काढतात. मी खिडकी लावून घेते आणि नकळत तळहात साडीला पुसते. गेली सात वर्षं हे असंच चाललंय.

भावी शिक्षकांना मी बालमानसशास्त्र शिकवते. त्यातला एक सिद्धांत दरवर्षी माझ्या वाट्याला येतो. पहिल्या वर्षात बाळाचं सगळं सुख तोंडाशी एकवटलेलं असतं, म्हणून ती मुखावस्था. आणि तिथेच काही अचानक तुटलं, तर माणूस मोठेपणीही तिथेच कुठेतरी अडकून राहतो, नखं खातो, पेन्सिली चावतो, आपल्या माणसांना सोडायला घाबरतो. हल्ली हे सगळेच मानतात असं नाही, हेही मी सांगते. मुलं निमूट लिहून घेतात. माझंच मन ते लिहून घेत नाही.

कारण माझी लेक नखं खाते, पार रक्त येईपर्यंत. ती अकरा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. प्रकाशा गावातल्या सासरच्या घरी वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्यांचे देठ खुडून मी उठले, घाईघाईत हात धुतले आणि तिला पाजायला घेतलं. तिने एकदाच ओढलं. मग जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानांतून जात नाही. त्यानंतर तिने मला तोंड लावलं नाही ते नाहीच. आमच्याकडे दूध सोडवायला आईच्या अंगाला कडुनिंबाचा लेप लावतात, त्यामुळे घरात कुणाला यात वावगं वाटलं नाही. "बरं व्हयनं वं माय, आपेआप सुटनं," सासूबाई म्हणाल्या, "निंबना पाला वाटाना तरास वाचना." आता तिची बोटं बघून माझा जीव खालीवर होतो, तेव्हाही त्याच समजूत घालतात, "नखं खास ती, ते खाऊ दे. तुन्हा नवरा बी दहावीलगून खाये, मंग सुटनं." मग मी घटकाभर निर्धास्त होते. घटकाभरच.

परवा न राहवून लेकीला सगळं सांगून टाकलं. अंगठ्याचं नख दातांत धरून ती ऐकत होती. वाटलं, रागावेल, दूर सरकेल. तिने एवढंच विचारलं, "मंग तू बी रडनी व्हती का, मम्मी?"

"हा," मी म्हणाले. तिने माझ्या गळ्यात हात टाकले.

मी रडले नव्हते. नोकरीवर रुजू व्हायला चारच दिवस उरले होते, आणि पोरीने दूध सोडलं म्हटल्यावर मला चक्क हायसं वाटलं होतं. तिचं काय कुठे अडकलंय, ते वर्षंच सांगतील. पण ती मोठी होईल, हा धडा कधीतरी तिच्याही हाती पडेल आणि ती मला पुन्हा हेच विचारेल. तेव्हा खरं बोलायचा धीर मला होईल का, याचीच आता जास्त धास्ती वाटते.