आप्पांचा अंगठा आणि चिलटाचा पाय

आई गाडीला बांधते, त्या लिंबाचं सरबत करून पिणारी मी. त्यामुळे असलं काही लिहायची वेळ माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं...

मी पुण्यात पीएचडी करते. विषय – केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांचे पाय. हसू नका! पाय हलवणाऱ्या नसा हिरव्या चमकतील अशी चिलटं आम्ही वाढवतो, त्यांचे पाय काचपट्टीवर ठेवून मायक्रोस्कोपखाली फोटो काढतो.

गाव मार्गासनी. गेल्या भातलावणीत पॉवर टिलर आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या गुडघ्यावर आला आणि नस चेंगरली. तेव्हापासून डावं पाऊल लोंबतंय. पुन्हा चिखलात उतरता येईल का, एवढंच ते विचारायचे. असे आठ महिने गेले.

एका शनिवारी नसरापूरला उतरून वडापच्या जीपने घरी गेले. दुपारी ओसरीवर आप्पांना लॅपटॉपवर फोटो दाखवत होते.

"चिलटाला बी पाय उचलाया तारा लागत्यात व्हय?" आप्पा हसले.

एका फोटोत हिरवा धागा नडगीच्या मध्येच तुटला होता, खालच्या स्नायूपर्यंत पोचतच नव्हता. आप्पांनी पुढच्या काळ्या जागेवर बोट ठेवलं. "हितनं फुडं गेलीया की."

"काही नाहीये तिथं, आप्पा."

"हाय. बघ, पायात मुंग्या आल्या..."

आणि त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा वर उचलला गेला. जरासाच. तांदूळ निवडणारी आई सूप टाकून धावत आली. मी रडले, लपवत नाही.

सोमवारी तीच काचपट्टी पुन्हा लावली. धागा थेट स्नायूपर्यंत! तोच पाय, तेच सेटिंग. महिनाभरापूर्वी मेलेल्या चिलटाचा पाय तो – त्यात नवं काही वाढत नाही, आणि चमक तर दिवसागणिक कमीच होते.

माझ्या गाईड म्हणाल्या, आधी फोकस चुकला असेल. डॉक्टर म्हणाले, नस कधीकधी उशिरा जागी होते. दोन्ही पटतं... पण मग आप्पांना ते आधीच कसं दिसलं?

पाऊल घोट्यातून अजून उचलत नाही. काल आप्पांचा फोन आला. "फुडल्या बारीला घोट्यापाशचा फोटू आण."

चिलटाला घोटा नसतो, हे मी त्यांना सांगितलं. तरी तिथल्या सांध्याजवळचा एक फोटो लॅपटॉपमध्ये घेतलाय. चांगले, अख्ख्या धाग्याचे फोटो पुष्कळ होते. मी मुद्दाम तुटका निवडलाय.