नाव घातलेली भांडी

कोल्हारच्या पेठेत माझ्या पिठाच्या गिरणीसमोर कानिफनाथ तांबटाचं भांड्यांचं दुकान होतं. माणूस गोडबोल्या, आणि गोड बोलणाऱ्यावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. तरी बाराशे रुपये त्याला उसने दिले होते, कारण चिठ्ठी लिहून द्यायला तो कधी कचरला नाही. त्र्याहत्तर साल उजाडेपर्यंत दुष्काळानं त्याचं कंबरडं मोडलं. लोक येत ते भांडी मोडीत घालायला, आणि हा दयाळू बाबा बाजारापेक्षा चढा भाव देई. आता तो नगरच्या कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळं निघाल्याचा, अर्ज करणार, अशी कुणकुण लागली. म्हणजे माझ्या बाराशेवर पाणी. त्या पैशांवर मी आमच्या केशरचं लग्न धरलं होतं.

मी पाळत ठेवली. गिऱ्हाईक नसताना दुकानातून दिवसभर टकटक ऐकू येई. भांडं विकलं की त्यावर नाव घालायची पद्धत. पण विक्रीच नाही, तर हा नावं कुणाची घालतोय? भर दुपारी पेठ ओस पडली की बायका येत आणि पदराखाली काहीतरी झाकून नेत. माल पांगवतोय लेकाचा, मी ताडलं. एक दिवस उंबऱ्यातच गाठला.

"कानिफ, हे काय चाललंय?"

त्यानं हातातल्या कळशीवर फडकं टाकलं. "देनं फेडतोय, छगनशेठ. बाया धा वर्सं बाजाराच्या दिवशी रुपाया-दोन रुपये ठेवायच्या माझ्याकडं. लेकीच्या लग्नात भांडी न्यायची म्हनून."

"आन् आमचं?"

"तुमच्याकडं चिठ्ठी हाय. कोर्ट तुमाला इचारील. बायांकडं काय हाय? नुसती माझी जबान."

"कोन बाया? नावं सांग."

"ते न्हाई सांगायचो. घरच्यांना चोरून ठेवलंय त्यांनी."

एका शब्दावर माझा विश्वास बसला नाही. फेब्रुवारीअखेर त्यानं अर्ज केला आणि मी वकील गाठला. वकील म्हणाले, अर्जाच्या तोंडावर ठरावीक घेणेकऱ्यांनाच दिलेलं कोर्ट परत घेऊन सगळ्यांत वाटू शकतं, पण पुरावा आणा. पुरावा शेजारच्या राहीबाईच्या ओट्यावर पालथा होता. नव्या घागरीवर कानिफनं लेकीच्या नावाखाली त्याच महिन्यातली तारीख घातली होती. आयुष्यभर प्रत्येक भांड्यावर विकल्या दिवसाची तारीख घातली, तशी याही खेपेला घातली. जुनी तारीख ठोकून मोकळं व्हावं, हे त्या येड्याच्या डोक्यातच आलं नाही. मला हसू आलं.

भांडी परत घ्यायचा कोर्टाचा हुकूम झाला. कोर्टानं नेमलेले रिसीव्हर साहेब बैलगाडी घेऊन घरोघर फिरू लागले. बायकांची यादी कानिफला शपथेवर द्यावी लागली होती. पंचनाम्यावर सही करायला गावात कुणी पुढं येईना, तेव्हा मी पुढं झालो. राहीबाईनं घागर गाडीत ठेवली आणि माझ्याकडं पाहून तोंड फिरवलं. मी मनात म्हटलं, चोराच्या साथीदाराला राग यायचाच.

शेवटी एकच घर राहिलं, तेव्हा गाडीबरोबर फिरणारा कानिफ साहेबांपुढं हात जोडून उभा राहिला.

"साहेब, एवढं घर ऱ्हाऊ द्या."

मी भडकलो. "का रं? कुनाला वाचवतोस? वाचा साहेब, मोठ्यानं वाचा."

साहेबांनी वाचलं, "लंकाबाई छगन. हंडा एक, कळश्या दोन."

माझी बायको. मी घराकडं वळलो, तर तिनं भांडी आधीच उंबऱ्याबाहेर आणून मांडली होती. चिंचेनं घासून लख्ख केलेली. हंड्यावर 'चि. केशर' असं कोरलेलं होतं. केशर दाराआड उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमचं बाराशे गेलं, ते काय माझ्या हातात न्हवतं," लंकाबाई म्हणाली. "माझं मी राखलं हुतं."

कानिफनं खाली बघत हंडा उचलून गाडीत ठेवला. साहेबांनी कागद माझ्यापुढं धरला. पंच म्हणून सही मीच केली.