आझेलीला मिळालेल्या टाळ्या

त्या दिवशी आझेलीनं भरल्या मांडवाला तोंडावर शिव्या घातल्या आणि मांडवानं उठून टाळ्या वाजवल्या. शिव्या आमच्या फ्रेंचमधल्या होत्या. त्या कळल्या फक्त मागच्या बाकावर बसलेल्या आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांना. बाकीच्यांना वाटलं, आजीबाई काहीतरी गोड बोलल्या.

आझेली माझी थोरली जाऊ. तिचा नवरा युलीस आणि माझा लेऑन सख्खे भाऊ. ह्यूस्टनपासून काही तासांवर, लान्स रोझो या गावात, भाताच्या खाचरांच्या कडेला आमची घरं एकमेकांना लागून. तिकडे तिनं पातेलं आपटलं की इकडे मला कळायचं, आज कोणाचं तरी काही खरं नाही. रागीट होती ती. पण उगाच चिडणारी नव्हती. तिच्या रागाला कारण असायचं, आणि ते कारण ती विसरायची नाही.

सहा वर्षांची असताना ती शाळेत गेली तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. आमच्यापैकी कोणालाच येत नव्हता. घरी, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर सगळं फ्रेंचच चालायचं. शाळेत मात्र फ्रेंच बोललं की शिक्षा. एके दिवशी आझेलीला लघवीला जायचं होतं. तिनं येत होतं त्या भाषेत विचारलं. मास्तरीण म्हणाली, नीट विचार. तिनं पुन्हा तेच विचारलं, दुसरं येतच नव्हतं तर काय करणार. शेवटी झग्यातच झाली. मास्तरणीनं तिला पंपापाशी नेऊन तो झगा तिच्याच हातानं धुवायला लावला, पुन्हा तोच अंगात घालायला लावला आणि जानेवारीच्या थंडीत दिवसभर वर्गात बसवून ठेवलं. हे तिनं मला लग्नानंतर सांगितलं, दोघी कोंबडीची पिसं काढत बसलो होतो तेव्हा. पिसं उपटण्याचा तिचा वेग तेवढा वाढला. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही.

म्हणून हार्लन झाला तेव्हा तिनं ठरवून टाकलं, या पोराशी इंग्रजीतच बोलायचं. तिचं इंग्रजी तेव्हाही मोडकंच होतं, पण पाळण्यापासून ती त्याच्याशी त्यातच बोलली. फ्रेंच उरली ती नवरा-बायकोपुरती. पैशाची ओढाताण, कोणाचं आजारपण, कोणाच्या घरातली भानगड, पोरानं ऐकू नये असं सगळं त्या भाषेत. आम्ही सगळ्यांनीच तेच केलं. आमची मुलंही तशीच वाढली.

एक गोष्ट मात्र तिला थांबवता आली नाही, ती म्हणजे गाणं. इस्त्री करताना, भेंडी चिरताना ती गुणगुणायची. तिच्या आईची, आजीची लांबलचक गाणी, कुठलंही वाद्य नसलेली. नवऱ्याच्या बोटीची वाट बघणाऱ्या बायकोचं बावीस कडव्यांचं गाणं होतं, ते ती एक शब्द न चुकता म्हणायची. पोर टेबलाखाली खेळत ऐकत असायचं.

युलीस गेला तेव्हा हार्लन तिशीत होता. बापाचं अकॉर्डियन त्यानं खाली काढलं, धूळ पुसली आणि दोन वर्षांत असा वाजवायला लागला की आम्ही तोंडात बोटं घातली. गायचाही. फ्रेंच गाणी, कानावर पडली होती तशी, नुसत्या आवाजावरून पाठ केलेली. अर्थ ठाऊक नाही. एक फिडलवाला आणि लोखंडी त्रिकोण वाजवणारा असे आणखी दोघं जमवून त्यानं बँड काढला. त्यातलं एक गाणं तो फार संथ लयीत म्हणायचा, डोळे मिटून, आवाजात रडू आणून. जोडपी गालाला गाल लावून त्यावर नाचायची. लोक म्हणायचे, विरहाचं गाणं आहे.

ते गाणं आहे सासऱ्याची वाळत घातलेली चड्डी डुकरानं पळवली त्याचं. आझेलीची आजी ते धुणं धुताना म्हणायची, धावत्या चालीत, आणि बायका पोट धरून हसायच्या. आम्हा म्हाताऱ्यांना ते माहीत होतं. पण एवढं रंगून गाणाऱ्या माणसाला कोण सांगणार? आझेली तर त्याचं ते गाणं सुरू झालं की उठून बाहेर जायची. हार्लनला वाटायचं, आईला बाबांची आठवण येते.

मग गावात वारसा-दिन सुरू झाला. आमची शाळा बंद पडली होती, मुलं बसनं मोठ्या गावाला जायची. ती रिकामी इमारत समितीनं घेतली, रंगवली आणि तिच्या मैदानात मांडव घालून दर एप्रिलमध्ये गाणं, नाच, जेवण. समितीचा अध्यक्ष रँडल ब्रुसार. विमा विकायचा. आमच्यातलाच, पण फ्रेंचचं त्याला सलाम आणि आभार याच्या पलीकडे काही येत नव्हतं. शाळेच्या दारावर त्यानं मोठं कापड लावलं होतं: आमची भाषा बोला. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा आझेली गाडीतून उतरलीच नाही. मला म्हणाली, ‘‘व्हर्ली, गाडी वळव.’’

समितीनं तिला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा तिनं नाही म्हटलं. तिसऱ्या वर्षी हार्लन स्वतः येऊन बसला. म्हणाला, आई, तुझं ते बोटीचं गाणं तू गेल्यावर कोणाला येणार आहे? एकदा लोकांसमोर म्हण. मुलानं मागितलं म्हणून ती तयार झाली. तिनं एकच अट घातली, गाणं पूर्ण म्हणू द्यायचं. हार्लननं ती रँडलला सांगितली, रँडलनं मान डोलावली.

त्या सकाळी रँडलच्या माणसांनी तिच्या हातात एक टोपी आणि एप्रन दिला. कापडी, कानांवर येणारी टोपी, तिची आई कापसाच्या शेतात ऊन लागू नये म्हणून घालायची तशी. आझेलीनं आयुष्यात ती घातली नव्हती. ती रविवारी केस बसवून, मोत्याच्या कुड्या घालून चर्चला जाणारी बाई. ती म्हणाली, हे कशाला? त्यांनी सांगितलं, फोटो छान येतात. हार्लन मागे वायरी जोडत होता, त्याच्याकडे तिनं एकदा बघितलं आणि टोपी घातली.

ती मंचावर उभी राहिली आणि गायला लागली. आवाज म्हातारा झाला होता, पण सरळ होता, तारेसारखा. तिसऱ्या कडव्याशी माणसं उठून बुदँ, आमचं भात भरलेलं सॉसेज, घ्यायला जायला लागली. चौथ्याशी रँडल टाळ्या वाजवत मंचावर आला. तिच्या खांद्यावर हात ठेवला. माईकवर म्हणाला, काय गोड आहे की नाही आपली आजी, ह्यूस्टनहून पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी फ्रेंचमध्ये दोन शब्द बोला आजी. आणि माईक तिच्या तोंडासमोर धरला.

आझेलीनं त्याचा हात खांद्यावरून काढला. मग शांतपणे, हसऱ्या चेहऱ्यानं, चर्चमध्ये प्रार्थना म्हणावी तशा आवाजात बोलली.

‘‘मेल्यांनो, याच शाळेत मला मुतासाठी रडवलंत. ही भाषा बोलले म्हणून ओल्या कपड्यात बसवलंत. आज तीच भाषा ऐकायला तिकीट काढून आलात, आणि गाणं चार कडवीसुद्धा ऐकवत नाही तुम्हाला. ही टोपी तुमच्या आयांना घाला. सगळे गाढव आहात तुम्ही, आणि हा माईकवाला सगळ्यात मोठा.’’

मांडव उठून उभा राहिला. शिट्ट्या झाल्या. रँडलनं तिच्या गालाचा मुका घेतला. माझ्या शेजारी ओव्हीड बसला होता, आमच्या वयाचा, त्यानं डोक्यावरची हॅट काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. मी मंचाकडे बघत होते. आझेली रँडलकडे बघतच नव्हती. ती बघत होती मंचाच्या कडेला, तिथं हार्लन उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर अभिमान.

दुपारी तो तिच्या स्वयंपाकघरात आला तेव्हा मी तिथंच होते. टोपी कचऱ्याच्या डब्यात होती. तो म्हणाला, लोक वेडे झाले आई, काय बोललीस तू? तिनं इंग्रजीत सांगितलं. एकेक शब्द. काही गाळलं नाही. तो आधी हसला, त्याला वाटलं गंमत करते आहे. मग त्याचं हसू गेलं.

‘‘आणि मी टाळ्या वाजवल्या,’’ तो म्हणाला.

‘‘वाजवल्यास. आणि ते तुझं विरहाचं गाणं चड्डी पळवणाऱ्या डुकराचं आहे. पंधरा वर्षं डुकरासाठी रडतो आहेस.’’

ती हे रागात बोलली, त्याला लागावं म्हणूनच बोलली. हार्लन खुर्चीवर बसला. ते गाणं त्यानं स्वतःच्या लग्नात म्हटलं होतं, बापाच्या आठवणीच्या जेवणात म्हटलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. ‘‘काकू, तुलाही माहीत होतं?’’ मी हो म्हटलं. मग तो जो भडकला, तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

‘‘मी कोणाला विचारायचं होतं?’’ तो आईला म्हणाला. ‘‘तू आणि बाबा माझ्या नाकासमोर बोलायचात आणि मला एक अक्षर कळायचं नाही. मी विचारलं होतं तुला. याच टेबलापाशी. तू म्हणालीस, ते तुझ्या कामाचं नाही. आता मला गाढव म्हणतेस?’’

आझेलीनं हातातला कप बेसिनमध्ये टाकला. तो फुटला. मग तिनं त्याला शाळेचं सांगितलं, ओरडून, जणू ते त्यानंच केलं होतं. झगा, पंप, थंडी. अठ्ठेचाळीस वर्षांच्या मुलाला हे पहिल्यांदा कळत होतं. त्याला तिची दया आली असेल, पण ती दाखवायला तिनं जागा ठेवली नव्हती, आणि त्याचाही राग निवला नव्हता. तो उठून गेला. जाताना जाळीचं दार इतक्या जोरात लागलं की त्याची वरची बिजागरी निखळली.

उन्हाळाभर दोघं बोलले नाहीत. भात कापून झाल्यावर एका मंगळवारी तो आला. अकॉर्डियन आणलं नव्हतं. बिजागरी बसवली, टेबलापाशी बसला आणि म्हणाला, शिकव. बोटीच्या गाण्यापासून सुरुवात कर.

तिचं शिकवणं म्हणजे नुसती खडसावणी. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी इंग्रजी बोलणं बंद केलं. त्याला दहा शब्द येत नव्हते, जीभ वळत नव्हती. एकदा मी गेले तेव्हा तो कॉफी मागत होता आणि ती किटली हातात धरून उभी होती. त्यानं चुकीचं मागितलं. ती म्हणाली, नीट विचार. त्यानं पुन्हा तसंच मागितलं. ती पुन्हा म्हणाली, नीट विचार.

मी म्हटलं, ‘‘आझेली, हे तू कोणासारखं बोलते आहेस?’’

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, किटली माझ्या अंगावर येते. मग तिनं त्याचा कप भरला, साखर घातली, ढवळून समोर ठेवला आणि परसात निघून गेली. बराच वेळ आली नाही. हार्लननं विचारलं, काय झालं काकू? मी म्हटलं, पी तू. त्यानंतर ती चुका दाखवायची, शिव्याही द्यायची, पण कप आधी भरायची.

पुढच्या एप्रिलला समितीनं कागदी ग्लास छापून आणले. प्रत्येक ग्लासवर टोपीतली आझेली. कोणी तिला विचारलं नव्हतं. ती रँडलच्या ऑफिसात गेली, मी बरोबर होते. त्याला वाटलं, ती कौतुक करायला आली, त्यानं तिला ग्लासांचं एक खोकं भेट म्हणून दिलं. तिनं सांगितलं, हे थांबव. तो म्हणाला, आता छापून झालेत. वारसा-दिनाला लोक तिच्या चित्राच्या ग्लासात बियर ओतून पीत होते आणि संध्याकाळी ती शाळेच्या मैदानभर चुरगळून पडली होती.

त्या संध्याकाळी हार्लननं मंचावरून डुकराचं गाणं त्याच्या मूळ चालीत म्हटलं, धावतं, आणि आधी इंग्रजीत अर्थ सांगितला. आम्ही हसलो. ओव्हीडला ठसका लागला. बाकीचे नाचायला उठलेले गोंधळून परत बसले. रँडल नंतर म्हणाला, हार्लन, ते जुनंच म्हण, लोकांना ते रडवेलं आवडतं. हार्लन म्हणाला, मला आवडत नाही. पुढल्या वर्षीच्या कार्यक्रमात त्याच्या बँडचं नाव नव्हतं. आता तो शनिवारी ओव्हीडच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये वाजवतो. वीसेक माणसं येतात, कधी आठ.

आझेली आणखी सहा वर्षं जगली. बावीसपैकी सतरा कडवी हार्लनला आली. उरलेली पाच तिच्याबरोबर गेली. मला त्यातली दोन अर्धवट आठवतात. ती शाळेत कधीच परत गेली नाही आणि मरेपर्यंत तिचा राग एवढासाही कमी झाला नाही. तो कमी व्हायला हवा होता असं मला आजही वाटत नाही. रँडल तिच्या अंत्ययात्रेला आला होता, काळा कोट घालून. तिच्यावर इंग्रजीत छान बोलला.

मंगळवारी हार्लन आता माझ्याकडे येतो. आम्ही फ्रेंचमध्ये पावसाचं बोलतो, भाताच्या भावाचं बोलतो, त्याच्या गुडघ्याचं बोलतो. तो अजूनही स्त्रीलिंगाला पुल्लिंग करतो. मी मधेच तोडून दुरुस्त करते. त्याला राग येतो. म्हणतो, काकू, मला वाक्य तर पुरं करू दे. मी म्हणते, चुकीचं वाक्य पुरं करून काय करणार आहेस? मग तो धुसफुसत पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.