पडद्यावरचं दुसरं नाव

जळगाव जामोदला स्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. कॉम्प्युटरची पेटी उघडली की स्क्रू चहाच्या बशीत ठेवतो. बडबड फार. जुनी वस्तू टाकून देणाऱ्यावर चिडतो.

आमचे हे गेल्यावर त्यांचा कॉम्प्युटर मी त्याच्याकडे नेला. म्हटलं, "भंगारात दे."

"फेकता काऊन काकू? विंडोज काढून फुकटचं लिनक्स टाकतो, जुन्यावरबी मस्त चालते. व्हिडिओ कॉलवर दूरच्या नातीचं तोंड दिसन तुमाले. नाव कोनाचं टाकू?"

"माझं. वापरणार मीच."

"अन् काकांचं नाव काय होतं?"

नवऱ्याचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. पदराने पेटीवरची धूळ पुसली. एवढा बडबड्या, पण त्याने पुन्हा विचारलं नाही.

घरी बसवायला आला तेव्हा दारावरची पाटी वाचत उभा राहिला. मग आत येऊन बराच वेळ टकटक करत बसला.

आता कॉम्प्युटर लावला की पडद्यावर दोन नावं येतात. वर यांचं, खाली माझं. मी आधी यांचं नाव दाबते. हे पासवर्ड मागतात. तो त्याने सांगितला नाही, मीही विचारला नाही. थोडा वेळ तशीच बसते, मग माझं नाव दाबते.